शुक्रवारचं अंडं

शुक्रवारी आमच्या शाळेची हजेरी पूर्ण भरायची. पट ५८, हजर ५८. आदल्या रात्री ताप येऊन गेलेलं पोरसुद्धा स्वेटर घालून भिंतीला टेकून बसलेलं असायचं. घरी का नाही थांबलास, असं विचारलं की खाली बघायचं. विचारायची गरजही नसायची, शुक्रवारी पोषण आहारात अंडं असायचं.

उकडलेलं अंडं सोलणाऱ्या मुलाचं तोंड मी सव्वा वर्ष बघितलं आहे. पहिलीतली मुलं अंडं फरशीवर अगदी हलकं आपटायची, आणि पांढऱ्याचा कणसुद्धा टरफलाबरोबर जाऊ नये म्हणून नखानं कडा उचलत बसायची. तिसरीतली एक मुलगी बलक शेवटाला ठेवायची. भात संपला, आमटी संपली, ताटली पुसून झाली, की मग तो पिवळा गोळा तोंडात ठेवून ती डोळे मिटून घ्यायची. एक मुलगा अर्धं अंडं खाऊन अर्धं खिशात घालायचा. घरी धाकटा भाऊ होता. आमच्या स्वयंपाकी मावशींच्या ते लक्षात आलं, तेव्हापासून त्याच्या ताटलीत आधी मोठं अंडं बघून पडू लागलं. त्याबद्दल त्या मला काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

हे अंडं नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं आलं होतं. आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं किंवा अंडा पुलाव, जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा गावातलं दुसरं एखादं फळ. एका अंड्याला ५ रुपये. थंडीत बाजारात अंडं साडेसहा-सातला जायचं. वरचे पैसे कधी मी घालायचे, कधी आमचे दुसरे गुरुजी. त्याची तक्रार नाही. त्या पैशांचं मोल आम्हाला समोर दिसत होतं.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस दुसरा शासन निर्णय आला. त्यात अंड्यावर बंदी नव्हती, उलट अंडा पुलाव देता येईल असं लिहिलं होतं. खीर, नाचणीसत्व हेही देता येईल. फक्त अंड्यासाठी आणि साखरेसाठी शासनाकडून वेगळा निधी मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीनं तो लोकसहभागातून उभा करावा. मी तो कागद तीनदा वाचला. मुख्याध्यापिका म्हणून ११ वर्षं असे कागद वाचून त्यांची भाषा मला कळू लागली होती. 'देता येईल' म्हणजे आमच्याकडून मिळणार नाही.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. अंड्याचा लाभ घेणारी मुलं राज्यात २४ लाखांच्या आसपास असल्याचं छापून आलं होतं. एका मुलाला ५ रुपये, म्हणजे आठवड्याला सव्वा कोटीच्या आत. शाळेचे साधारण ४० आठवडे धरले तर वर्षाला ५० कोटींपेक्षा थोडे कमी. पुढं मार्चमध्ये अर्थमंत्री अजित पवार यांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला, तो ७ लाख कोटींचा होता. मी पुन्हा वही काढली. अंड्याचा वाटा शंभर रुपयांत एक पैसासुद्धा भरत नव्हता.

राज्याची तिजोरी अडचणीत आहे हे मला मान्य आहे. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवलेली होती आणि कर्जाचा बोजा ९ लाख कोटींच्या वर गेला होता. घरात कमाईपेक्षा खर्च जास्त झाला की कुठं तरी हात आखडावा लागतो, हे मी शिकलेल्या माणसाला सांगायला नको आणि न शिकलेल्याला तर मुळीच नको. माझा प्रश्न हात आखडण्याचा नाही. घरात टंचाई आली की पहिला घास कोणाच्या ताटातला कमी होतो, हा आहे. आणि हा प्रश्न मला शाळेत पडला असला, तरी त्याची ओळख मला त्याच्या ५० वर्षं आधी झाली होती.

माझा जन्म १९६७ चा, जत तालुक्यातला. ७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाच वर्षांची होते. पाच वर्षांच्या मुलीला दुष्काळ म्हणजे काय ते कळत नाही, तिला फक्त आई दिवसभर कुठं जाते ते कळतं. माझी आई पाझर तलावाच्या कामावर जायची आणि मला बरोबर न्यायची. वडील मिरजेला हमालीला गेले होते. तलावाच्या बाजूला चार मेढी रोवून वर जुनी लुगडी बांधलेली असायची. त्या सावलीत आम्हा पोरांना ठेवायचे. दहा-बारा पोरं आणि त्यांना सांभाळायला एक म्हातारी. तिथून बायांची रांग दिसायची, डोक्यावर मातीची पाटी, एक चढणारी, एक उतरणारी. सगळ्यांची लुगडी मातीच्या रंगाची झालेली, त्यामुळं लांबून आपली आई कोणती ते ओळखू यायचं नाही. मी चालीवरून ओळखायची. पाटी रिकामी करून उतरताना ती डावा हात कमरेवर ठेवायची.

दुपारी सुकडी मिळायची. गोडसर, जाडसर पीठ. पाण्यात कालवून किंवा तसंच मुठीनं तोंडात टाकायचं. टाळूला चिकटून बसायचं. आजही कुठं भाजलेल्या पिठाचा वास आला की माझी जीभ आपोआप टाळूला लागते. रेशनवर मिलो यायचा, परदेशातला लाल जोंधळा. त्याची भाकरी थापताना फुटायची, तव्यावर टाकली की कडा तुटून पडायच्या. आई ते तुकडे गोळा करून आमटीत कुस्करून द्यायची.

त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. मुकादम हजेरीत नावं खाली-वर करायचा. खड्ड्याचं माप घ्यायला आलेला माणूस टेप सैल धरायचा. पगार पंधरवड्याला मिळायचा, तो कधी महिन्यावर जायचा. एका बाईचा पाय खडीखाली चेंगरला, तिला कुणी काही दिलं नाही. हे सगळं आई पुढं सांगायची. पण त्या सांगण्यात एक वाक्य कायम असायचं, "ती भीक न्हवती. आमी काम मागितलं, सरकारानं काम दिलं." १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यांतली एक माझी आई.

मोठी झाल्यावर, डी.एड.ला असताना, मला कळलं की ह्या कामांच्या मागचा विचार आमच्याच जिल्ह्यात रुजला होता. वि. स. पागे हे तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातले. त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग केला होता. जो अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला ते देण्याची जबाबदारी सरकारनं घ्यायची. ७२ साली ती योजना राज्याची झाली आणि लगेच दुष्काळानं तिला घेरलं. दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळली गेली नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

आणि पैसे कुठून आले? इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हा भाग मी ३० वर्षं स्वतःच्या पगारपत्रकात बघत आले.

त्या वेळीही तिजोरी रिकामीच होती. तीन वर्षं पावसानं तोंड फिरवलेलं राज्य, शेतसारा तहकूब, लाखो माणसं कामावर. पैसे नाहीत, सबब कामं बंद, असं सरकार म्हणू शकलं असतं. त्यांनी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, ज्यांची वकिली चालते, दवाखाना चालतो, दुकान चालतं, त्यांच्याकडून रोजगार हमीसाठी कर. त्याच्या जोडीला मोटारींवरचा, विक्रीवरचा जादा कर, बागायती जमिनीवरचा अधिभार. ह्या करांतून जेवढं जमेल तेवढीच भर राज्यानं आपल्या पदरची घालायची. मुंबईतल्या कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्या माणसाच्या पगारातून माझ्या आईच्या हजेरीपटाचे पैसे जमा व्हायचे.

माझ्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात 'व्य. कर' असं लिहिलेलं असायचं. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुरकुर व्हायची, हा कसला कर, कशासाठी कापतात. मी एकदा सांगितलं, की ह्याच पैशांतून माझी आई पाटी उचलायची आणि त्यातून मी शिकले. पुढं कुणी माझ्यासमोर त्या २०० रुपयांवर बोललं नाही. मला मात्र दरवर्षी फेब्रुवारीत ते जादा १०० रुपये कापले गेले की बरं वाटायचं. कुणाला तरी काही तरी परत केल्यासारखं.

ती २,५०० ची मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीतली आहे. त्याआधी वर्षाला २५० होती. ८८ साली माझं मूळ वेतन १,२०० रुपये होतं. निवृत्त होताना ते किती तरी पटींनी वाढलेलं होतं आणि कराची कमाल मर्यादा जागची हललेली नव्हती. ती वाढवणं एकट्या राज्याच्या हातात नाही, संसदेला घटना बदलावी लागेल. पण ती वाढवा म्हणून इतक्या वर्षांत महाराष्ट्रानं दिल्लीत हट्ट धरला असता, तर आम्ही पगारदार लोकांनी आणखी २०० रुपये देताना मेलो असतो असं मला वाटत नाही. मी दिले असते. आनंदानं.

कायदा होता म्हणून सगळं सुरळीत चाललं असंही नाही. ८८ साली किमान वेतन दुप्पट झालं तेव्हा रोजगार हमीची कामं काढण्यात सरकारनं हात आखडला, आणि कामावरच्या माणसांची संख्या घसरली. हमीलाही बगल देता येते. पण कायदा असला की बगल देणाऱ्याला ती लपून द्यावी लागते, आणि तहसीलवर मोर्चा नेणाऱ्या बाईच्या हातात एक कागद असतो. आई अशा मोर्च्यांना गेलेली आहे. लिहिता यायचं नाही, पण 'नमुना चार' हा शब्द तिला पाठ होता, तो काम मागण्याचा अर्ज.

अंड्याला असा कागद नव्हता. शासन निर्णयानं आलं, शासन निर्णयानं गेलं.

आता लाडक्या बहिणीबद्दल बोलायला हवं, कारण अंड्याचा विषय निघाला की लोक लगेच तिच्याकडं बोट दाखवतात. 'बायकांना वाटले, म्हणून पोरांचं गेलं.' शेजारी बोलतात, नातेवाईक बोलतात, माझ्याबरोबर निवृत्त झालेली माणसंही बोलतात. मला ते ऐकवत नाही.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना महिन्याला १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० एकदम जमा झाले. आमच्या मावशींच्या खात्यावरही झाले. शाळेत स्वयंपाक करण्याचं मानधन महिन्याला २,५००, वर्षातले दहा महिने, आणि ते दोन-दोन महिने थकलेलं. त्या बाईच्या खात्यावर पहिल्यांदा वेळेआधी पैसे आले होते.

त्या ३,००० तून त्यांनी चष्मा केला. मला माहीतच नव्हतं की त्यांना दिसत नव्हतं. चार वर्षं त्या माझ्यासमोर तांदूळ निवडत होत्या, बोटांनी चाचपून. चष्मा आला त्या दिवशी सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर बसल्या आणि बराच वेळ काहीच बोलेनात. मग म्हणाल्या, "बाई, तांदळात एवढं खडं असत्यात व्हय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरांच्या दाताखाली किती खडे गेले असतील, ह्याचं ते पाणी होतं.

तेव्हा बाईच्या हातात दिलेले १,५०० वाया जातात असं मला कुणी सांगू नये. त्यांचं काय होतं ते मी बघितलं आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. योजना सुरू करताना तिच्यासाठी नवा पैसा कुठून येणार, हे कुणी मांडलं नाही. वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सुरुवातीला सांगितलं गेलं, पुढच्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले. त्या वर्षीच्या महसुली तुटीच्या तीन चतुर्थांशाहून ही रक्कम जास्त. निवडणुकीत १,५०० चे २,१०० करू असं वचन दिलं गेलं. अर्ज घेताना कुणाची नीट छाननी झाली नाही, सगळ्यांनाच घाई होती. छाननी निकालानंतर सुरू झाली. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार जणींचे पैसे थांबवले गेले. त्यांत सरकारी नोकरीतल्या दोन हजारांहून अधिक बायका निघाल्या. ते वाचून मला लाज वाटली. माझ्यासारखाच पगार घेणारी बाई, वर १,५०० ही घेते, आणि तिच्याच पंचायत समितीत अंड्याला ५ रुपये नाहीत.

मग घर चालवायला इकडून तिकडून काढणं सुरू झालं. मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख महिला व बालविकास विभागाकडं वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्याला बोलता तरी आलं. वसतिगृहातल्या मुलाला, जो मेसच्या पैशांची वाट बघत पुण्यात किंवा नांदेडला बसलेला असतो, त्याला कुठं बोलता येतं? दिवाळीचा आनंदाचा शिधा, १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, तेल, २०२२ ला सुरू झाला होता. २०२५ च्या दिवाळीला तो आला नाही.

आणि शिवभोजन. निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी मला जून-जुलैत बऱ्याच खेपा तालुक्याला माराव्या लागल्या. कचेरीजवळ शिवभोजनचं केंद्र आहे, बचत गटातल्या बाया चालवतात. एका दुपारी साडेबाराला मी तिथं बाकड्यावर बसले होते, जेवायला नाही, सावलीला. १० रुपयांत दोन चपात्या, एक मूद भात, एक वाटी भाजी, एक वाटी वरण. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी ही थाळी सुरू झाली. करोनाच्या काळात आधी ५ रुपयांना आणि नंतर फुकटही मिळत होती. थाळीमागे ग्रामीण भागात २५ आणि शहरात ४० रुपये राज्य सरकार केंद्र चालवणाऱ्यांना देतं. जेवणाऱ्याचा फोटो काढून ॲपवर टाकावा लागतो. समोर एक म्हातारा बसला होता, धोतर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. फोटोसाठी त्यानं टोपी सरळ केली.

त्याच्या वाटीतलं वरण मी बघत होते. तळाशी डाळीचा थर, वर पिवळं पाणी. वाढणाऱ्या बाईनं माझं बघणं बघितलं. "मॅडम, सहा महिनं झालं बिल न्हाई," ती म्हणाली. "किराणावाला आता उधार देत न्हाई. गॅस आमी घरचा लावलाय. योजना बंद करा म्हना, तर तसंबी कोन म्हनंना."

माझ्या मते सगळं ह्या बाईच्या शेवटच्या वाक्यात आहे. योजना बंद झाली असं कधीच कुणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर सभागृहात प्रश्न येईल, पेपरात बातमी येईल, कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. मग काय होतं, तर बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी येत नाही. तरतूद कागदावर असते, वितरित होत नाही. कचेरीत विचारायला गेलं की कारकून आपुलकीनं सांगतो, "वरून आलं की लगेच टाकतो." तो खोटं बोलत नसतो. मार्च उजाडतो, उरलेली तरतूद परत जाते. मधल्या काळात वरण पातळ होतं. कोणत्याही शासन निर्णयात 'वरण पातळ करावे' असं लिहिलेलं नसतं.

त्या म्हाताऱ्यानं वाटी तोंडाला लावून वरण पिऊन टाकलं, ताट धुवायच्या जागेवर नेऊन ठेवलं आणि वाढणाऱ्या बाईला हात जोडले. तिनंही जोडले. मग मी उठले आणि माझ्या कागदाचं बघायला आत गेले.

माझा कागद पुढच्या खेपेला झाला. आता महिन्याच्या महिन्याला माझं निवृत्तिवेतन जमा होतं. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज ह्यांतच जातो, त्यात माझाही वाटा आहे. माझा पैसा थांबला तर मी न्यायालयात जाऊ शकते, संघटनेकडं जाऊ शकते, मला अर्ज लिहिता येतो, तो वाचतं कोण हेही मला माहीत आहे. ज्याने कर्ज दिलंय त्याचं व्याज तर एक दिवसही थांबत नाही. ज्यांच्याकडं कायदा आहे, करार आहे, संघटना आहे, त्यांना टंचाईची झळ पोचत नाही. मग सगळी टंचाई उरलेल्यांच्या वाट्याला येते, आणि उरलेल्यांत पहिलीतलं पोर येतं, कारण त्याला मत नाही. हे बोलताना मी स्वतःला बाजूला काढत नाही. माझं निवृत्तिवेतन हा माझ्या ३७ वर्षांच्या कामाचा हक्क आहे, आणि तो मला मिळालाच पाहिजे. पण ज्या वर्षी राज्यात पोरांच्या अंड्याला पैसे नसतील, त्या वर्षी मला मिळणारी महागाईभत्त्याची वाढ सहा महिने थांबवली तरी मी मोर्चात जाणार नाही. हे मी इथं लिहून ठेवते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणार नाही. त्यांनी माझ्याशी भांडावं, पण आधी कुठल्याही शाळेच्या ओसरीवर शुक्रवारी अर्धा तास बसावं.

७२ साली सरकारही गरीब होतं. आजच्यापेक्षा किती तरी गरीब. तरी त्यांनी पगारदाराच्या दारात जाऊन 'तुझ्यातलं थोडं दे' असं म्हटलं. ते म्हणायला धीर लागला असणार. हाच धीर आज कुठं गेला, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. लोकसहभाग हा शब्द त्या वेळीही वापरता आला असता. जत तालुक्यातल्या गावानं आपापसात वर्गणी काढून आपल्या बाया जगवाव्यात, असं कुणी तरी सुचवलंही असेल. पण दुष्काळात सगळं गावच उपाशी असतं, वर्गणी काढणार कोणाकडून, हे पागे ह्यांच्यासारख्या माणसाला कळत होतं. म्हणून त्यांनी गावाबाहेरून, शहरातून पैसा आणायची वाट धरली.

आमच्या गावात आम्ही लोकसहभाग करून बघितला. व्यवस्थापन समितीची सभा घेतली. आले सात जण. एका द्राक्षबागायतदारानं मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांना अंडी दिली, मनापासून दिली. सरपंचांनी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. ज्यांची पोरं आमच्या शाळेत येतात, ते बहुतेक ऊसतोडीचे, रोजंदारीचे. फेब्रुवारीत निम्मे गावाबाहेर होते, पोरांना आजीकडं ठेवून. त्यांच्याकडं वर्गणी कोणत्या तोंडानं मागायची? पहिला बिनअंड्याचा शुक्रवार गेला. पोरं ताटली घेऊन रांगेत आली, भात-आमटी घेतली आणि ताटली तशीच पुढं धरून उभी राहिली. मावशी डाव हातात धरून माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "आज नाहीत रे." कुणी 'का' विचारलं नाही. आमच्या पोरांना 'का' विचारायची सवयच नसते.

पुढच्या शुक्रवारी मी साडेनऊला शाळेत पोचले तर स्वयंपाकखोलीतून वाफेचा वास येत होता. मोठ्या पातेल्यात अंडी होती. बाहेर पुठ्ठ्याचे दोन रिकामे ट्रे एकात एक घालून ठेवलेले, आणि खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत सहा केळी. अंडं न खाणारी मुलं आमच्याकडं सहा होती.

मी मावशींना विचारलं, कुणी आणली. त्या चुलीकडं बघत म्हणाल्या, "जानेवारीचं दीड हजार आल्तं." मी म्हटलं, मावशी, हे पैसे तुमच्यासाठी आहेत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. म्हणाल्या, "माझ्या नावावर आल्यात, म्हनून पोरांची गेली म्हनत्यात समदी. मग मला ते गिळवत्यात व्हय?"

पोरांना वाढून झाल्यावर आठ अंडी उरली. ती त्यांनी शेजारच्या अंगणवाडीत नेऊन दिली. मी कचेरीत येऊन पोषण आहाराची नोंदवही काढली. हजर ५८. तांदूळ, मूगडाळ, तेल, मीठ, रोजच्या नोंदी. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, 'लोकसहभाग : अंडी ६०, केळी ६. देणाऱ्याचे नाव : शाळेच्या स्वयंपाकी.' खाली सही केली, तारीख घातली. मार्चमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांनी ती नोंद वाचली, बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले, आणि त्याच्या बाजूला हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली.